गेटवरून परत फिरू नका

सुलतानपूर, अंजनी, बिबी, किनगाव जट्टू, एका अंगाला मेहकर आणि दुसऱ्या अंगाला लोणार. या पट्ट्यात आता असं गाव शोधून सापडायचं नाही, जिथल्या चार-दोन घरांतलं कुणी पुण्याला कंपनीत नाही. मुलगा असेल, मुलगी असेल, जावई असेल, भाचा असेल. पारावर कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "पुण्यात असते तो, हिंजवडीला. कंपनीत." "काय करते तिथं?" "कॉम्प्युटरवर असते." बोलणं इथं संपतं. ज्या बापानं सोयाबीनच्या भरवशावर कर्ज काढून पोराला इंजिनिअरिंगला घातलं, त्याला पोराच्या कामाबद्दल याच्या पुढचं एक वाक्य सांगता येत नाही. यात बापाचा दोष नाही. त्याला कुणी नेऊन दाखवलंच नाही.

म्हणून हे आवाहन करतो आहे. दिवाळीनंतर, लग्नसराई उरकल्यावर किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण पुण्याला जातोच. यंदा गेलात तर पोराची कंपनी बघून या, आणि आतून बघून या. लहानग्यांना न्या. म्हाताऱ्यांना तर आधी न्या.

आपली पुण्याची सहल कशी होते ते मला माहीत आहे. दगडूशेठ, शनिवारवाडा, आळंदी, जमलं तर सिंहगड, एक दिवस मॉल. शेवटच्या दिवशी पोरगा गाडीत घालून हिंजवडीला नेतो. काचेच्या उंच इमारती, रुंद रस्ते, कंपनीच्या नावाची मोठी पाटी. गाडी कडेला लावून पाटीसमोर सगळ्यांचा फोटो निघतो. तेवढ्यात शिट्टी वाजवत वॉचमन येतो, इथं थांबू नका म्हणतो, आणि आपण गाडीत बसतो. फोटो गावाकडच्या ग्रुपवर पडतो, अंगठे येतात. झाली कंपनी बघून.

लोणारला हेच आपण रोज बघतो. लांबून आलेला माणूस सरोवराच्या काठावर उभा राहतो, फोटो काढतो आणि जेवायला हॉटेल कुठं आहे ते विचारतो. जो खाली उतरून जंगलातून कमळजा देवीच्या देवळापर्यंत जातो, पाण्याचा तो उग्र वास घेतो, तोच पुढं विचारतो की हे पाणी असं खारट का, दगड असा का. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळं हा रंग आला. काठावरून एवढंच दिसत होतं की पाणी गुलाबी झालं. कंपनीचं गेट म्हणजे असाच काठ आहे.

आता कुणी म्हणेल, आत सोडतच नाहीत तर काय करणार? सोडतात, पण रीत आहे. ती समजून घेतली तर अडचण येत नाही.

या कंपन्यांचं बरंचसं काम परदेशातल्या बँका, विमा कंपन्या, दवाखाने, मोटारी बनवणारे कारखाने यांच्यासाठी चालतं. त्या गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाऊ नये असा करार असतो. त्यामुळं ज्या खोलीत ते काम चालतं, तिथं त्याच कामावरच्या माणसाचं कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. शेजारच्या टीममधल्या माणसालाही तिथं जाता येत नाही, मग घरच्यांना कसं जाता येईल? म्हणून पोरगा "आत नेता येणार नाही" म्हणाला तर तो टाळतो आहे असं समजू नका. पण त्या एका खोलीखेरीज कंपनीत पुष्कळ काही असतं. जेवणाचा मोठा हॉल, प्रशिक्षणाचे वर्ग, वाचनालय, बाग, पोरं जिथं चहा पीत बसतात ती जागा. बऱ्याच ठिकाणी शनिवारी-रविवारी घरच्यांना तिथवर नेता येतं. कित्येक कंपन्या वर्षातून एक दिवस खास घरच्यांसाठी ठेवतात, त्याला फॅमिली डे म्हणतात. त्या दिवशी लेकरांना खेळ असतात, खाणं असतं आणि आईबापाला लेकाची खुर्ची बघता येते. तुमच्या पोरानं ही गोष्ट कधी घरी सांगितली नसेल तर त्याला विचारा. पुष्कळांनी सांगितलेली नसते, कारण गावाकडून कोण येणार असं ते धरून चालतात. काहींना वाटतं, आपले आईवडील आले तर तिथं बावरतील. ही शंका पोराच्या मनातून काढायचं काम आपलं.

परवानगी आधी काढावी लागते. पोरानं त्याच्या साहेबाला विचारायचं, येणाऱ्यांची नावं कळवायची. गेटवर प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र लागतं, मोबाईलमधल्या फोटोवर सगळीकडं भागत नाही, म्हणून मूळ कार्ड सोबत ठेवा. पिशव्या तपासतात. काही ठिकाणी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, ती आत असेपर्यंत काढायची नाही. नातवाला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर तो पहिली ती ओरबाडतो. गळ्यात पाहुण्याचा पास अडकवतात, जाताना परत घेतात. फरशी गुळगुळीत असते, आजीच्या पायात नवी चप्पल नको. आत एसीची थंडी बाधते, सोबत शाल असू द्या. सरकत्या जिन्याची भीती वाटत असेल तर लिफ्ट असते, तसं स्पष्ट सांगा. लाजून जिन्यापाशी थांबू नका. टीममधल्या मुलांसाठी लाडू न्यावे वाटले तर जरूर न्या, पण पोराला आधी विचारून. हिंजवडीची सकाळ-संध्याकाळची वाहनांची कोंडी राज्यभर माहीत आहे. शनिवारी सकाळी जा.

आणि पुण्याला जायचं तर दिवसा जा. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, आपल्या सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. त्यातली कितीतरी अशीच कामाच्या, शिक्षणाच्या ओढीनं पुण्याकडं निघालेली तरुण पोरं होती. लेकराबाळांना घेऊन निघताना रात्रीची एक झोप वाचवायचा मोह आवरा.

आत गेल्यावर काय बघायचं, यावर मला जास्त बोलायचं आहे. कारण इमारतीनं डोळे दिपतात आणि तेवढ्यावरच माणूस परत येतो. इमारत कुणीही पैसे टाकून बांधतो. तुम्ही काम बघा. आणि काम डोळ्यांनी दिसण्यासारखं नसेल, तर ते पोराकडून काढून घ्या.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. हयात बाजार समितीत मापाऱ्याच्या कामात गेली. मुलगा हिंजवडीत एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर टेस्टिंगला आहे. दोघं बापलेक एका शनिवारी कंपनीच्या जेवणाच्या हॉलमध्ये बसले होते. कामाच्या खोलीत नेता येत नव्हतं, म्हणून मुलानं हात पुसायचा कागद पुढं ओढला आणि त्यावर पेननं दोन चौकोन काढले. हा एक माणूस, हा दुसरा. यानं मोबाईलवरून त्याला पाचशे रुपये पाठवले. मध्येच रेंज गेली. याच्या खात्यातून पैसे कटले, त्याला पोचले नाहीत. आता मशीननं काय करायला पाहिजे? पैसे परत टाकायचे की पुढं ढकलायचे? आणि घाबरून यानं दुसऱ्यांदा बटण दाबलं तर? अशी जितकी आडवळणं सुचतील तितकी सुचवायची, ती एकेक करून बघायची, आणि जिथं गडबड होईल तिथं लिहून कळवायचं. "हे माझं काम, बाबा." म्हाताऱ्यानं कागद फिरवून आपल्याकडं घेतला, बराच वेळ बघितला आणि एकच विचारलं, "अन् एखादी राहून गेली तर?"

मुलगा म्हणाला, मग रात्री-बेरात्री फोन येतो आणि दुरुस्त होईपर्यंत सगळे बसतात. मागच्या लक्ष्मीपूजनाला तेच झालं होतं.

त्या लक्ष्मीपूजनाला गावाकडून सातदा फोन केला होता आणि पोरानं उचलला नव्हता. तो राग बापानं वर्षभर मनात धरला होता. त्या टेबलावर त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. पण गावी आल्यावर चहाच्या टपरीवर एकाचे फोनवरून पाठवलेले पैसे अडकले आणि तो टपरीवाल्याशी हुज्जत घालू लागला, तेव्हा याच म्हाताऱ्यानं मध्ये पडून सांगितलं, "दोनदा दाबू नको. पैसे गेले नाहीत, मधात थांबले. थोडा दम धर, तुझ्याच खात्यात येतील." मुलगा काय करतो हे आता त्यांना सांगता येतं.

मी म्हणतो ते एवढंच. कागदावर दोन चौकोन काढून समजावता येणार नाही असं काम फार थोडं असतं. पोराला आग्रह करा. तो म्हणेल, तुम्हाला नाही कळायचं. त्याला म्हणा, तू सांगून तर बघ. तुम्ही कपाशीवरची बोंडअळी ओळखता, पीक कर्जाचा हिशेब तोंडी करता, कोणत्या आडतीला भाव किती फिरेल याचा अंदाज बांधता. तुम्हाला कळेल. तुमचं काम कोणासाठी चालतं, ते गिऱ्हाईक कुठल्या देशातलं, तिकडं सकाळ होते तेव्हा इथं किती वाजलेले असतात, दुपारी कामाला जाऊन रात्री उशिरा का येतोस, जेवतोस केव्हा, तुझ्या वरती कोण, नवीन काही शिकावं लागतं का, कामावरून कमी करायची वेळ आली तर आधी सांगतात का, हे सगळं विचारा. हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जाईल, तरी विचारा. जुलै 2025 मध्ये टीसीएससारख्या कंपनीनं सुमारे 12,000 माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. 1968 साली मुंबईत सुरू झालेली, या धंद्यातली देशातली सर्वांत मोठी अशी ही कंपनी. तिथं असं होऊ शकतं तर कुठंही होऊ शकतं. आपल्या शेतातलं पीक डोळ्यांसमोर वाळतं, गावाला दिसतं. या पोरांचं टेन्शन खोलीच्या चार भिंतीत राहतं, आणि आपण फोनवर विचारतो ते मात्र, पगार किती वाढला आणि फ्लॅट कधी घेतोस.

पोराच्या मित्रांना, साहेबांना पगार विचारू नका. त्या जागी ते फार वाईट दिसतं आणि पोराची मान खाली जाते. आणि सोबत नेलेल्या सातवी-आठवीतल्या नातवाला "बघ, तुलाही इथंच यायचं आहे" असं त्या काचेकडं बोट दाखवून म्हणू नका. त्यानं फक्त बघावं. त्याला तिथलं काम आवडेल, किंवा जेवणाच्या हॉलमधली भट्टी आवडेल, किंवा जनरेटरची खोली आवडेल. घरी येऊन तो कशाबद्दल बोलतो याकडं लक्ष ठेवा.

आता एक गोष्ट, जी लिहिल्याशिवाय हा कागद पुरा व्हायचा नाही. "पुण्यात कंपनीत आहे" असं आपण ज्यांच्याबद्दल सांगतो, ते सगळे कॉम्प्युटरवर नसतात. त्याच गेटवर निळा-खाकी शर्ट घालून बारा-बारा तास उभं राहणारी पोरं विदर्भातली आहेत, मराठवाड्यातली आहेत. रात्री-अपरात्री मुलींना घरपोच सोडणारे कॅबचे ड्रायव्हर आपल्याच भागातले आहेत. जेवणाच्या हॉलमध्ये ताटं उचलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बायांमध्ये दुष्काळात गाव सोडलेल्या आयाबहिणी आहेत. ते कंपनीचे नोकर म्हणून नोंदलेले नसतात, ठेकेदाराचे असतात. आणि घरी मात्र आईला एवढंच सांगितलेलं असतं की कंपनीत आहे, कारण खरं सांगितलं तर लग्नाची बोलणी मोडतील.

तुमचा मुलगा त्या गेटवर उभा असेल तर त्याच्याकडंही जा. मी तर म्हणेन, त्याच्याकडं आधी जा. त्याची ड्युटी कुठं असते, पावसात तो कुठं थांबतो, महिन्याचा पीएफ कापतात तो त्याच्या खात्यात जमा होतो का, पगाराची पावती मिळते का, हे त्याला शेजारी बसून विचारा. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर त्याच्याजवळ असायला हवा आणि त्यावरून मोबाईलवर शिल्लक बघता येते. माहीत नसेल तर इंजिनिअर झालेल्या गावच्याच पोराला ते करून द्यायला लावा. एका गावची दोन पोरं, एक आतल्या खोलीत आणि एक गेटवर, आणि दोन-दोन वर्षं एकमेकांना ओळख द्यायला लाजतात, असं मी ऐकलेलं आहे. तुम्ही दोघांच्या घरचे मिळून एकदा गेलात तर ही लाज एका चहात जाते.

मुलींबद्दलही सांगतो. आपण मुलाच्या कंपनीपुढं फोटो काढतो, पण सुनेची कंपनी कुठं आहे ते पुष्कळांना माहीत नसतं. ती घरून काम करते तेव्हा "घरीच तर असते" म्हणतो. एकदा तिच्याही ऑफिसात जाऊन बसा. ती चार परदेशी माणसांशी एकाच वेळी बोलते, हिशेब मांडते, तिच्या हाताखाली पोरं आहेत, हे सासूनं एकदा पाहिलं की दुपारी मीटिंग चालू असताना दाराशी कुणी बोलवायला येणार नाही. आणि नववी-दहावीतल्या मुलींना न्याच. गावातली आपलीच एक ताई त्या जागी बसलेली दिसली, तर मुलीला पुढं शिकवायचं की नाही याची घरातली अर्धी चर्चा तिथंच मिटते.

ज्यांच्या घरचं कुणीच कंपनीत नाही, त्यांनी काय बघावं? पुण्यात या धंद्याच्या कितीतरी खुणा आहेत आणि त्या पोरांना सांगण्यासारख्या आहेत. आज बेंगळुरूची म्हणून ओळखली जाणारी इन्फोसिस जुलै 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली. सात इंजिनिअर, भांडवल 10,000 रुपये, तेही सुधा मूर्ती यांनी साठवलेल्या पैशांतून दिलेले. घरातल्या जागेत कारभार सुरू झाला, आणि स्वतःचा कॉम्प्युटर यायला 1983 साल उजाडलं. त्याच सुमारास मुख्य कार्यालय बेंगळुरूला गेलं. सेनापती बापट रस्त्यावरून जाताना पर्सिस्टंट कंपनीची इमारत दिसते. आनंद देशपांडे यांनी ती कंपनी 1990 साली सुरू केली, इमारतीचं नाव भगीरथ. हिंजवडीत केपीआयटीचं मुख्य कार्यालय आहे, तीही 1990 चीच. मोटारीच्या आत जे सॉफ्टवेअर चालतं ते बनवणं हे त्यांचं काम. क्विक हील हे नाव तुमच्या गावच्या ऑनलाइन सेंटरच्या कॉम्प्युटरवरही असेल. ती कंपनी सातारा जिल्ह्यातल्या कैलाश काटकर यांनी उभी केली. दहावीनंतर ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, धाकट्या भावाला, संजयला, कॉम्प्युटर शिकायला लावलं, आणि त्या भावानं व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला.

आणि आपल्या वऱ्हाडच्या माणसाची गोष्ट तर प्रत्येक पोराला ठाऊक असली पाहिजे. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. नागपूरला इंजिनिअरिंग झालं. 1980 च्या दशकात अमेरिकेनं भारताला हवा असलेला महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा सरकारनं 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था काढली आणि ती भटकरांच्या हाती दिली. तीन वर्षांत, 1991 साली, परम 8000 तयार झाला. एकच प्रचंड यंत्र बनवण्याऐवजी पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून द्यायचं, हा त्यातला मार्ग. हे सगळं पुण्यात घडलं, आणि ते घडवणारा माणूस सोयाबीन-कपाशीच्या आपल्याच मुलखातला.

शाळेच्या सहली काढणाऱ्या गुरुजींना माझी विनंती आहे. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत देते. वॉटर पार्कचा एक दिवस कमी करा. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, तिथं पु. ल. देशपांडे यांच्या नावानं मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत विज्ञान शिकवण्याची परंपरा अरविंद गुप्ता यांनी तिथं रुजवली. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची, आणि 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथं सगळ्यांना मोकळा प्रवेश असतो. पुणं लांब पडत असेल तर समृद्धीनं नागपूर आहे. तिथलं रामन विज्ञान केंद्र दाखवा आणि मिहानमध्ये आपल्या भागातलं जे कुणी कामाला असेल त्याच्यामार्फत आधी पत्र देऊन एखादी कंपनी बघता येते का ते विचारा. नाही म्हणाले तर त्या माणसालाच शाळेत बोलवा, त्यानं फळ्यावर दोन चौकोन काढावेत.

काहींची मुलं तर पुण्याच्याही पुढं, कॅलिफोर्नियात आहेत. आईबाप पाच-सहा महिन्यांसाठी जातात, नातवंडं सांभाळतात, आणि शनिवार-रविवारी पोरगा गाडीतून कंपन्या दाखवायला नेतो. तिकडं एकेक कंपनीची तऱ्हा वेगळी. ॲपलची क्युपर्टिनोमधली गोल कड्यासारखी इमारत बाहेरच्यांना बंद आहे, पण रस्त्यापलीकडं पाहुण्यांसाठी वेगळी जागा आहे. 2017 पासून ती सगळ्यांना खुली आहे. आत इमारतीची प्रतिकृती आहे आणि वर गच्चीवर जाता येतं. गुगलनं माउंटन व्ह्यूमध्ये 2023 साली पाहुण्यांसाठी जागा सुरू केली, तिकीट नाही. पालो अल्टोला ॲडिसन ॲव्हेन्यूवर एका घरामागं लाकडी गॅरेज आहे. 1938-39 मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी 538 डॉलर घालून तिथं काम सुरू केलं. आत जाता येत नाही, फुटपाथवरून बघायचं. म्हाताऱ्या माणसांना ते गॅरेज बघून काचेच्या इमारतींपेक्षा जास्त समाधान वाटतं असा माझा अनुभव आहे. माउंटन व्ह्यूमधलं संगणक इतिहास संग्रहालय तिकीट काढून बघण्यासारखं आहे, तिथं 1959 सालच्या बनावटीचं आयबीएम 1401 यंत्र चालवून दाखवतात.

मेनलो पार्कला फेसबुकच्या पाटीपुढं, म्हणजे आताच्या मेटाच्या पाटीपुढं, फोटो काढायला रांग असते. तिथं गेलात तर मुलाकडून त्या पाटीची गोष्ट ऐका. ती जागा आधी सन मायक्रोसिस्टम्सची होती. 1982 साली निघालेली ही कंपनी, आणि तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला हे पुण्यात जन्मलेले. एके काळी या धंद्यात तिचा मोठा दबदबा होता. 2010 साली ती ऑरॅकलनं घेतली. पुढच्याच वर्षी फेसबुक त्या जागेत आलं, तेव्हा त्यांनी जुनीच पाटी पुढून आपल्या नावानं रंगवली आणि मागच्या अंगाला सनचं नाव राहू दिलं, रोज कामाला येणाऱ्यांना दिसावं म्हणून. एवढी मोठी कंपनीही जाते, ही गोष्ट तिथल्या लोकांना लपवावीशी वाटली नाही. आपणही पोरांपासून लपवू नये.

अमेरिकेला गेलेल्यांना आणखी एक सांगायचं. तिकडंही मुलाच्या ऑफिसात पाहुणा म्हणून जाता येतं, फक्त त्यानं आधी नाव नोंदवावं लागतं. पासपोर्ट सोबत असू द्या. आणि व्हिसाची, कामाची कागदपत्रं यांबद्दल तिथं मोठ्यानं मराठीत चर्चा करू नका, आजूबाजूला मराठी कळणारे पुष्कळ असतात.

आता करायचं ते असं. पुण्यातल्या कंपन्यांना पाहुण्यांची नावं आधी लागतात, साहेबाची सही लागते, आणि फॅमिली डे असला तर त्याची तारीख महिना-दोन महिने आधी ठरते. तेव्हा दिवाळीला पोरगा घरी येईल तेव्हा बोलू असं म्हणून चालणार नाही. आज रात्री त्याचा फोन आला की जेवलास का विचारून झाल्यावर विचारा, तुमच्याकडं घरच्यांना केव्हा नेता येतं. तो हसेल, बघतो म्हणेल. पुढच्या फोनला पुन्हा विचारा. गेटवर ड्युटी करणारा पोरगा असेल तर त्याला साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ते विचारून घ्या आणि तिकिटं त्याच हिशेबानं काढा.